न्यूक्लियर स्पिन स्टॅटिस्टिक्स: सिमेट्री ग्रुप वापरून स्पिन वेट कसं काढायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

३:१, २:१, ५:२:३ हे हायड्रोजन, अमोनिया आणि मिथेनच्या स्पिन वेटचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण ते आले कुठून असं विचारलं की बरेच जण थांबतात, कारण वर्गात टेबल फळ्यावर लिहून दिलेलं असतं आणि पुढचा टॉपिक सुरू झालेला असतो. एमएस्सीला माझंही तसंच झालं होतं. खालचे प्रश्न गेल्या काही वर्षांत ज्युनियर मुलामुलींनी मला विचारलेत आणि काही मी स्वतः माझ्या गाइडना विचारलेत. एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: यातलं काहीही पाठ करू नका, सगळं मोजून काढता येतं, कागद-पेन्सिलीवर, आणि एकदा हात बसला की दहा मिनिटांत.

न्यूक्लियर स्पिन स्टॅटिस्टिक्स म्हणजे नक्की काय?

रेणूत दोन किंवा जास्त अणू अगदी एकसारखे असले, जसे पाण्यातले दोन हायड्रोजन, तर त्यांची केंद्रकं एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. अशा दोन केंद्रकांची अदलाबदल केली तर अख्ख्या रेणूच्या वेव्हफंक्शनचं काय व्हायचं हे ठरलेलं आहे. केंद्रकाचा स्पिन १/२, ३/२ असा असेल, म्हणजे ते फर्मिऑन असेल (प्रोटॉन, फ्लोरिन-१९, कार्बन-१३), तर चिन्ह बदललंच पाहिजे. स्पिन ०, १ असा पूर्णांक असेल, म्हणजे बोसॉन (ड्यूटेरियम, नायट्रोजन-१४, ऑक्सिजन-१६, कार्बन-१२), तर चिन्ह बदलता कामा नये. यात तडजोड नाही.

आता वेव्हफंक्शनमध्ये इलेक्ट्रॉनचा भाग, कंपनाचा भाग, फिरण्याचा भाग आणि केंद्रकांच्या स्पिनचा भाग असे सगळे गुणाकारात असतात. फिरण्याच्या एखाद्या लेव्हलचं अदलाबदलीत चिन्ह बदलत असेल तर हिशोब जुळवायचं काम स्पिनच्या भागावर येतं. हिशोब जुळवणारी स्पिन फंक्शन्स जितकी, तितकं त्या लेव्हलचं स्पिन वेट. तीन असतील तर वेट ३, एक असेल तर १, आणि एकही नसेल तर ती लेव्हल निसर्गात नाहीच.

हायड्रोजनचं ३:१ एकदा नीट सांगाल का?

दोन प्रोटॉन, प्रत्येकाला अप किंवा डाऊन, म्हणून चार स्थिती. अप-अप, डाऊन-डाऊन, आणि अप-डाऊन अधिक डाऊन-अप, या तिन्हींना अदलाबदलीने काही होत नाही. अप-डाऊन वजा डाऊन-अप, हिचं चिन्ह बदलतं. म्हणजे तीन सिमेट्रिक, एक अँटिसिमेट्रिक. फिरण्याच्या भागाचं चिन्ह जे (J, रेणू किती फिरतोय हे सांगणारा क्वांटम नंबर) सम असेल तर तसंच राहतं, विषम असेल तर उलटतं. प्रोटॉन फर्मिऑन आहेत, एकूण चिन्ह उलटायलाच हवं, म्हणून सम जेला ती एकटी अँटिसिमेट्रिक स्थिती मिळते (पॅरा, वेट १) आणि विषम जेला तिन्ही सिमेट्रिक मिळतात (ऑर्थो, वेट ३). झालं.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९२० च्या दशकात कमी तापमानाला हायड्रोजन वायूची विशिष्ट उष्णता थिअरीशी जुळतच नव्हती. १९२७ मध्ये डेनिसनने हा वायू म्हणजे एकमेकांत न बदलणाऱ्या दोन प्रकारांचं ३:१ मिश्रण आहे असं धरून गणित केलं आणि आकडे जुळले, आणि त्यातूनच प्रोटॉनचा स्पिन १/२ आहे हेही पक्कं झालं. म्हणजे एका वायूला तापवायला किती उष्णता लागते यावरून केंद्रकाचा स्पिन कळला. १९२९ मध्ये बोनहोफर आणि हार्टेक यांनी जवळजवळ शुद्ध पॅरा-हायड्रोजन प्रत्यक्ष तयार करून दाखवला. हायझेनबर्गच्या १९३२ च्या नोबेलच्या मानपत्रातसुद्धा हायड्रोजनच्या या दोन रूपांचा उल्लेख आहे.

याचा फिजिक्समध्ये आणखी कुठे उपयोग झाला?

माझी सगळ्यात आवडती गोष्ट नायट्रोजनची आहे. १९२८ मध्ये कोलकात्यात रामन इफेक्ट सापडला आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, राझेटीने तो वापरून नायट्रोजन वायूचा रोटेशनल स्पेक्ट्रम घेतला. त्यात सम जेच्या रेषा ठळक होत्या आणि विषम जेच्या फिक्या. म्हणजे नायट्रोजनचं केंद्रक बोसॉन. आता अडचण बघा: त्या वेळी लोक मानत होते की केंद्रकात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे नायट्रोजन-१४ मध्ये १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, एकूण २१ कण, सगळे फर्मिऑन, आणि विषम संख्येने फर्मिऑन एकत्र आले की ते अख्खं केंद्रक फर्मिऑनच व्हायला हवं. हाइटलर आणि हर्झबर्ग यांनी १९२९ मध्येच ही विसंगती दाखवून दिली. उत्तर मिळालं १९३२ ला, चॅडविकने न्यूट्रॉन शोधला तेव्हा. ७ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन, एकूण १४, सम. एक रेष उंच आणि शेजारची बुटकी, एवढ्यावरून केंद्रकाचं मॉडेल चुकीचं आहे हे कळलं होतं.

मग ग्रुप थिअरी कशाला? असंच हाताने लिहून काढलं तर?

दोन अणूंपर्यंत चालेल. मिथेनला १६ स्पिन स्थिती, बेंझिनला ६४, आणि तिथे "अदलाबदल" ही एक गोष्ट नसून चोवीस किंवा त्याहून जास्त वेगवेगळी ऑपरेशन्स असतात. कुठलं कॉम्बिनेशन कशात कसं बदलतं हे हाताने लिहित बसलात तर वही संपेल. ग्रुप थिअरीत ती फंक्शन्स लिहायचीच नसतात, फक्त किती आहेत ते मोजायचं असतं.

पॉइंट ग्रुप घ्यायचा की पर्म्युटेशन ग्रुप?

पर्म्युटेशन. पॉइंट ग्रुप म्हणजे रेणूच्या आकाराची फिरवणं आणि परावर्तनं, आणि आपला मूळ नियम तर केंद्रकांच्या अदलाबदलीबद्दल आहे. लाँग्वेट-हिगिन्सने १९६३ मध्ये हे व्यवस्थित मांडलं: एकसारख्या केंद्रकांची सगळी पर्म्युटेशन्स घ्या, त्यात ई-स्टार हे ऑपरेशन घाला (सगळ्या कणांच्या जागा केंद्राच्या आरपार उलटवणं), आणि मग त्यातली रेणूला प्रत्यक्षात जमणारी, म्हणजे बंध न तोडता होऊ शकणारी ऑपरेशन्स तेवढी ठेवा. त्याला मॉलिक्युलर सिमेट्री ग्रुप म्हणतात.

हे "जमणारी तेवढीच" का महत्त्वाचं ते आकड्यात बघा. बेंझिनला सगळं धरलं तर ६! गुणिले ६! गुणिले २, म्हणजे १०,३६,८०० ऑपरेशन्स. जमणारी फक्त २४. मिथेनला ४८ पैकी २४. कडक, म्हणजे आकार न बदलणाऱ्या, रेणूंसाठी हा ग्रुप पॉइंट ग्रुपसारखाच निघतो आणि कॅरॅक्टर टेबल तेच वापरता येतं, म्हणून जुन्या पुस्तकांचं काम भागत होतं. अमोनिया छत्रीसारखा उलटा होतो, इथेनचे दोन टोकांचे गट एकमेकांच्या सापेक्ष फिरतात, तिथे पॉइंट ग्रुप पुरत नाही. इथेनला हे फिरणं (टॉर्शन) धरलं तर ३६ ऑपरेशन्सचा ग्रुप लागतो.

बरं, पद्धत सांगा. नक्की काय करायचं?

प्रत्येक ऑपरेशनसाठी स्पिन फंक्शन्सचं कॅरॅक्टर काढायचं. कॅरॅक्टर म्हणजे काय तर त्या पर्म्युटेशनने ज्या स्पिन मांडण्या जशाच्या तशा राहतात त्यांची संख्या. आता समजा पर्म्युटेशन (१२३) आहे, १ च्या जागी २, २ च्या जागी ३, ३ च्या जागी १. मांडणी तशीच राहायची तर तिघांचे स्पिन एकच असले पाहिजेत, तिघेही अप किंवा तिघेही डाऊन, दुसरा मार्गच नाही. म्हणजे एका सायकलला एकच निवड करायची, आणि ती (२आय+१) प्रकारे करता येते, आय म्हणजे केंद्रकाचा स्पिन. पर्म्युटेशनमध्ये जितक्या सायकल, तितक्या वेळा (२आय+१) चा गुणाकार. जे केंद्रक जागेवरच राहतं तीही एक सायकल, हे विसरू नका, अर्ध्या चुका इथेच होतात. ई-स्टारने स्पिनला काही होत नाही, म्हणून (१२)*, म्हणजे (१२) आणि ई-स्टार एकत्र, याचं कॅरॅक्टर (१२) इतकंच.

हे सगळं झालं की नेहमीच्या फॉर्म्युल्याने त्याचे इररेप पाडायचे. इररेप म्हणजे ग्रुपच्या कॅरॅक्टर टेबलमधले मूळ सिमेट्री प्रकार: ए आणि बी एकेरी, ई दुहेरी, एफ तिहेरी. फॉर्म्युला असा: प्रत्येक ऑपरेशनचं आपलं कॅरॅक्टर गुणिले टेबलमधलं कॅरॅक्टर, सगळ्यांची बेरीज, भागिले ऑपरेशन्सची संख्या.

मग चिन्हाचा भाग. फर्मिऑन केंद्रकांची सम लांबीची प्रत्येक सायकल एक उणे देते, विषम लांबीची देत नाही. बोसॉनला उणे कधीच नाही. यावरून एकूण वेव्हफंक्शनचा इररेप कुठला असायला हवा ते कळतं. ई-स्टारला मात्र अधिक-उणे दोन्ही चालतं, म्हणून बहुतेक वेळा असे दोन इररेप मिळतात. शेवटी, ज्या लेव्हलचं वेट हवंय तिचा इररेप गुणिले स्पिनचे इररेप यातून ते परवानगी असलेले इररेप किती वेळा निघतात ते मोजायचं. ती संख्या म्हणजे वेट.

पाण्यावर करून दाखवा.

चार ऑपरेशन्स: आयडेंटिटी (काहीच न करणं), (१२), ई-स्टार, (१२)*. कॅरॅक्टर ४, २, ४, २. पाडले की ३ वेळा ए१ आणि १ वेळा बी२. प्रोटॉन फर्मिऑन, (१२) ला उणे हवं, म्हणजे एकूण इररेप बी१ किंवा बी२. ए प्रकारच्या लेव्हलला बी२ स्पिन लागतो, तो एकच, वेट १. बी प्रकारच्या लेव्हलला ए१ स्पिन लागतो, तीन आहेत, वेट ३. ग्राउंड व्हायब्रेशनल स्टेटमध्ये के-ए आणि के-सी (जे सोबत लेव्हलच्या नावात लिहितात ते दोन रोटेशनल नंबर) यांची बेरीज सम असेल तर पॅरा, विषम असेल तर ऑर्थो.

जड पाण्याला दोन ओळी बदलतात. कॅरॅक्टर ९, ३, ९, ३, म्हणून ६ ए१ आणि ३ बी२. ड्यूटेरियम बोसॉन, उणे नको. ए ला ६, बी ला ३. आणि एक हायड्रोजन एक ड्यूटेरियम असलेल्या पाण्यात अदलाबदल करायला एकसारखं काही उरलंच नाही, सगळ्या लेव्हलला सारखंच ६.

अमोनियाचं उत्तर मला दर वेळी वेगळं येतं. का?

कारण तुम्ही कधी छत्री उलटणं धरताय आणि कधी नाही. दोन्ही करून बघू.

आधी उलटणं न धरता. सहा ऑपरेशन्स: आयडेंटिटी, दोन (१२३) प्रकारची, तीन (१२)* प्रकारची. सायकली मोजल्या की कॅरॅक्टर ८, २, ४. ए१ किती? (८ + २×२ + ३×४) भागिले ६, म्हणजे ४. ए२ शून्य. ई दोन. तपासा: ४ अधिक २×२ = ८, बरोबर. (१२३) सम पर्म्युटेशन, उणे नाही, आणि (१२)* ला ई-स्टारमुळे दोन्ही चालतं, म्हणून एकूण इररेप ए१ किंवा ए२. ए१ लेव्हलला ४, ए२ लेव्हलला ४, ई लेव्हलला ए१ साठी २ आणि ए२ साठी २ असे मिळून ४.

इथे लोक म्हणतात, सगळीकडे चारच आले, मग २:१ कुठे गेलं? ते असं: के (रेणूच्या मुख्य अक्षाभोवती फिरणं सांगणारा नंबर) जर ३ च्या पटीत असेल (शून्य सोडून) तर त्या लेव्हलमध्ये ए१ आणि ए२ दोन्ही असतात, एकूण ८. के ३ च्या पटीत नसेल तर एकच ई, एकूण ४. आठास चार, म्हणजे २:१.

उलटणं धरलं की ग्रुप १२ ऑपरेशन्सचा होतो आणि प्रत्येक लेव्हल दोन इन्व्हर्जन भागांत फुटते. आता के ३ च्या पटीत असेल तर प्रत्येक भागाला ४, नसेल तर २. आणि के शून्य असताना तर गंमतच आहे, दोन भागांपैकी एकच अस्तित्वात असतो, दुसऱ्याचं वेट शून्य. जे शून्यला फक्त अँटिसिमेट्रिक भाग आहे. म्हणून अमोनियाची ५७२ गिगाहर्ट्झची पहिली रोटेशनल रेष एकटी दिसते, तिला जोडीदार नाही.

अमोनियातल्या नायट्रोजनचं काय? त्याचाही स्पिन १ आहे ना?

आहे. पण तो एकटा आहे, त्याची कोणाशी अदलाबदल होत नाही, म्हणून प्रत्येक लेव्हलला सरसकट ३ ने गुणायचं, गुणोत्तर बदलत नाही. पण ॲब्सोल्यूट आकडा बदलतो, आणि हे मला चांगलंच लक्षात आहे कारण प्रोजेक्टमध्ये माझं अमोनियाचं पार्टिशन फंक्शन (सगळ्या लेव्हलची वेट आणि तापमान धरून केलेली बेरीज) डेटाबेसच्या आकड्याच्या बरोबर एक तृतीयांश येत होतं, प्रत्येक तापमानाला, मी तीन दिवस रोटेशनल कॉन्स्टंट तपासत बसलो होतो, एनर्जी लेव्हल परत परत काढत होतो, आणि चूक होती ती हा ३ न घेतल्याची. चूक सगळ्या तापमानांना एकाच पटीत येत असेल तर आधी स्पिनकडे बघा.

हायट्रान आणि एक्सोमोल या स्पेक्ट्रल रेषांच्या डेटाबेसमध्ये पूर्ण वेट घेतात. ॲस्ट्रोफिजिक्समधले काही लोक पाण्याला १ आणि ३ ऐवजी १/४ आणि ३/४ घेतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एका ठिकाणचं पार्टिशन फंक्शन आणि दुसऱ्या ठिकाणची वेट्स अशी खिचडी केली की इंटेन्सिटी चारपट चुकते.

मिथेनचं ५:२:३ करताना ई ला माझं १ येतं, २ का नाही?

हा प्रश्न फार चांगला आहे. चोवीस ऑपरेशन्स: आयडेंटिटीला १६, आठ (१२३) ना ४, तीन (१२)(३४) ना ४, सहा (१२३४)* ना २, सहा (१२)* ना ८. पाडलं की ५ ए१, १ ई, ३ एफ२. तपासा: ५ + २ + ९ = १६. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, ई एकदाच येतो. पण ते स्पिन फंक्शन्सचे इररेप झाले, लेव्हलचं वेट नाही. एकूण इररेप ए१ किंवा ए२ दोन्ही चालतात, आणि ई गुणिले ई यात ए१ पण निघतो आणि ए२ पण. म्हणून ई लेव्हलला १ + १ = २. ए१ लेव्हलला मात्र ए१ स्पिनबरोबर फक्त ए१ मिळतो, तो ५ वेळा. एफ लेव्हलला ३. शेवटची पायरी गाळून स्पिनचे आकडे थेट लिहायची सवय असेल तर पाण्याला निदान ३ आणि १ हे आकडे तरी तेच येतात (फक्त ए-बी उलटे), मिथेनला पार फसायला होतं.

कुठल्या जेला काय येतं हेही सांगतो: जे ० मध्ये ए, जे १ मध्ये एफ, जे २ मध्ये ई आणि एफ, जे ३ मध्ये ए आणि दोन एफ. ए बरोबर चार प्रोटॉनचा एकूण स्पिन २, एफ बरोबर १, ई बरोबर ०.

बेंझिन?

कार्बन-१२ चा स्पिन ०, त्याने कॅरॅक्टर १ ने गुणलं जातं आणि उणे येत नाही, म्हणून फक्त सहा हायड्रोजन बघायचे. फिरवण्याची बारा ऑपरेशन्स पुरतात. आयडेंटिटी ६४. साठ अंशांचं फिरवणं म्हणजे सहाची एक सायकल, २. एकशे वीस अंशांचं, तीनच्या दोन सायकली, ४. एकशे ऐंशी अंशांचं, तीन जोड्या, ८. समोरासमोरच्या दोन अणूंमधून जाणारा अक्ष: दोन अणू जागेवर, दोन जोड्या, म्हणजे चार सायकली, १६. बंधांच्या मधून जाणारा अक्ष: तीन जोड्या, ८. पाडलं की १३ ए१, १ ए२, ७ बी१, ३ बी२, ९ ई१, ११ ई२. बेरीज ६४ येते की नाही बघा.

चिन्हाकडे लक्ष द्या. सहाची सायकल उणे, तीन जोड्या उणे, दोन जोड्या अधिक. म्हणजे एकूण इररेप इथे बी१ आहे, ए१ नाही. म्हणून लेव्हलची वेट्स होतात ए१ ला ७, ए२ ला ३, बी१ ला १३, बी२ ला १, ई१ ला ११, ई२ ला ९. बी१ आणि बी२ यांची नावं पुस्तकागणिक उलटी असतात, अक्ष कसा धरलाय त्यावर, तेव्हा नाव न बघता कॅरॅक्टर बघा.

स्पिन शून्य असेल तर लेव्हल खरंच गायब होतात?

खरंच. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही ऑक्सिजन-१६, स्पिन ०, स्पिन फंक्शन एकच आणि तेही सिमेट्रिक, म्हणून ग्राउंड स्टेटमध्ये विषम जे नाहीतच. तुमच्या लॅबमध्ये बऱ्यापैकी रिझोल्यूशनचं एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर) असेल तर सॅम्पल चेंबर उघडं ठेवून २३४९ वेव्हनंबरच्या आसपासचा बँड घ्या, तुमच्या श्वासातला वायूच पुरतो. रेषांमधलं अंतर साधारण १.५ वेव्हनंबर दिसेल, आणि रोटेशनल कॉन्स्टंट ०.३९ वरून तुम्ही त्याच्या दुप्पट, ०.७८, अपेक्षित धरलं असेल. एक सोडून एक रेष नाहीये, म्हणून ते अंतर दुप्पट झालंय. एका बाजूला ऑक्सिजन-१८ असला की सगळ्या रेषा परत येतात.

ऑक्सिजन वायूत उलटं होतं. केंद्रकं तशीच बोसॉन, पण इलेक्ट्रॉनच्या ग्राउंड स्टेटचंच अदलाबदलीत चिन्ह उलटतं, म्हणून तिथे विषम रोटेशनल लेव्हल तेवढ्या आहेत आणि शून्याची लेव्हल नाही. म्हणजे हवेतला साधा ऑक्सिजनचा रेणू कितीही थंड केला तरी फिरायचा थांबत नाही. जियोक आणि जॉन्स्टन यांना १९२९ मध्ये हवेच्या स्पेक्ट्रममध्ये ज्या फिक्या जादा रेषा समजावून घ्यायच्या होत्या, त्यातून ऑक्सिजन-१८ आणि १७ सापडले.

सगळ्यात टोकाचं उदाहरण फुलरीन. साठही कार्बन-१२ असतील तर एकच स्पिन फंक्शन, आणि ग्राउंड स्टेटमध्ये जे ० नंतर थेट ६, मग १०, १२. मधलं काही नाही. २०१९ मध्ये कोलोरॅडोतल्या 'जिला' (JILA) प्रयोगशाळेने या रेणूचा रोटेशनल बारकाव्यांसकट स्पेक्ट्रम घेतला.

कंपनाने किंवा इलेक्ट्रॉनिक स्टेटने वेट बदलतं का?

लेव्हलचा इररेप काढताना फिरण्याचा, कंपनाचा आणि इलेक्ट्रॉनचा, तिन्हींचा गुणाकार घ्यायचा. कार्बन डायऑक्साइडच्या असिमेट्रिक स्ट्रेचमध्ये (एक बंध ताणला की दुसरा आखडतो ते कंपन) फक्त विषम जे असतात. पाण्याच्या असिमेट्रिक स्ट्रेचमध्ये सम-विषमचा नियम उलटतो. नेट-सेटच्या तयारीत "पाणी: बेरीज विषम म्हणजे ऑर्थो" असं पाठ केलेल्यांना इथे हमखास धक्का बसतो.

कार्बन-१३ घातला तर ॲसिटिलीनचं काय होतं?

आधी साधं ॲसिटिलीन, वेल्डिंगवाल्याकडे असतं तेच. सम जेला १, विषम जेला ३, आणि स्पेक्ट्रममध्ये एक उंच एक बुटकी अशी रांग इतकी स्वच्छ दिसते की बघत राहावं.

आता दोन्ही कार्बन-१३ करा. एका फिरवण्याने हायड्रोजनची जोडी पण बदलते आणि कार्बनची पण, एकाच वेळी. एकूण स्पिन स्थिती १६, त्या ऑपरेशनचं कॅरॅक्टर २×२ = ४, म्हणजे सिमेट्रिक (१६+४)/२ = १० आणि अँटिसिमेट्रिक ६. चिन्ह? दोन जोड्या फर्मिऑनच्या, उणे गुणिले उणे अधिक. म्हणून सम जेला १० आणि विषम जेला ६. आधी विषम उंच होत्या, आता सम उंच. कार्बनचा स्पिन आला आणि अख्खी रांग उलटी झाली.

ऑर्थो आणि पॅरा यात ऑर्थो कुठलं हे कसं लक्षात ठेवायचं?

ज्याचं वेट जास्त ते ऑर्थो. हायड्रोजनमध्ये विषम जे, ड्यूटेरियम वायूत (६:३) सम जे.

ऑर्थोचं पॅरा होतं का?

आपोआप फार म्हणजे फार हळू, कारण केंद्रकांच्या स्पिनला बाकीच्या रेणूशी जोडणारे बल अतिशय दुबळे असतात. म्हणूनच दोन्ही जणू वेगळे वायू असल्यासारखे वागतात, आणि स्पेक्ट्रममध्ये ऑर्थो ते पॅरा अशी रेष धरायची नाही. चुंबकीय पदार्थ जवळ असला की वेग वाढतो.

रॉकेटवाल्यांना हे प्रकरण महागात पडू शकतं. खोलीच्या तापमानाला हायड्रोजन ७५ टक्के ऑर्थो असतो. २० केल्विनला द्रव केला तर समतोलात जवळजवळ सगळा, ९९.८ टक्के, पॅरा असायला हवा. घाईने द्रव केलात तर टाकीत तो हळूहळू पॅरा होत राहतो आणि प्रत्येक किलोमागे सुमारे ५२७ किलोज्यूल उष्णता सोडतो, आणि तोच किलो उकळवायला लागतात सुमारे ४४६. म्हणजे टाकीला बाहेरून उष्णता अजिबात लागली नाही तरी आतला द्रव उडून जाईल. म्हणून द्रवीकरण करतानाच आयर्न ऑक्साइडसारखा कॅटॅलिस्ट वापरून तो आधी पॅरा करून घेतात. इस्रोच्या सीई-२० इंजिनात जातो तो हायड्रोजनही द्रवच असतो, आणि फळ्यावरचं ते ३:१ तिथे थेट टाकीपर्यंत पोचतं.

सिमेट्री नंबर आणि स्पिन वेट, दोन्ही वापरायचे का?

नाही! एकच. सिमेट्री नंबर, म्हणजे रेणू किती प्रकारे फिरवून जसाच्या तसा दिसतो ती संख्या (पाण्याला २, अमोनियाला ३, मिथेनला १२, बेंझिनला १२), हा स्पिन वेटचाच जास्त तापमानाला उरणारा ढोबळ परिणाम आहे. लेव्हल मोजून बेरीज करताय तर वेट वापरा, क्लासिकल फॉर्म्युला वापरताय तर सिमेट्री नंबर वापरा. दोन्ही घातले तर दोनदा भागलं जातं.

सगळ्यात खालची लेव्हलच नाही असा रेणू आहे का?

ट्रायहायड्रोजन आयन, तीन प्रोटॉनचा समभुज त्रिकोण. जे शून्यची लेव्हल परवानगीत बसत नाही, सगळ्यात खालची लेव्हल जे १, के १ ची आहे, आणि ती पॅरा आहे. गुरूच्या वातावरणात तो १९८९ मध्ये दिसला आणि ताऱ्यांमधल्या ढगांत १९९६ मध्ये, आणि तिथल्या रेषा ओळखताना हा नियम धरावाच लागतो.

उत्तर बरोबर आलं हे कसं तपासू?

दोन जागी. स्पिन इररेपची संख्या गुणिले त्यांचं डायमेन्शन, यांची बेरीज सगळ्या (२आय+१) च्या गुणाकाराइतकी आली पाहिजे. आणि कुठलीही संख्या अपूर्णांक किंवा उणे आली तर सायकल मोजण्यात चूक आहे, बहुतेक वेळा जागेवर राहिलेलं केंद्रक मोजायचं राहिलेलं असतं. काही टेबलांत ई इररेप कॉम्प्लेक्स जोडीने दिलेला असतो, तिथे दोन्ही अर्धे मिळून एक धरा.

सरावाला एखादं द्या ना.

तिन्ही हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेला अमोनिया करा. आधी सहा ऑपरेशन्सच्या ग्रुपमध्ये: कॅरॅक्टर २७, ३, ९ आले पाहिजेत, आणि पाडल्यावर १० ए१, १ ए२, ८ ई. बेरीज १० + १ + १६ = २७. मग छत्री उलटणं धरून करा आणि साध्या अमोनियात जे शून्यचा जो भाग गायब होता तो इथे आहे का ते बघा. तो आहे, आणि त्याचं वेट १० आहे, शेजारच्या भागाचं फक्त १.